रेंज नसतानाही उघडतील अशी वेबपेजेस मोबाईलवर कशी साठवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या दुर्गम भागात शिकवणारे एक शिक्षक आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी येतात. तिथे दोन-तीन तास चांगली रेंज मिळते, बाकी आठवडा जवळपास काहीच नाही. फोन अँड्रॉइड, ३ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), ३२ जीबी जागा. वाचायचं असतं ते विश्वकोशातल्या नोंदी, विज्ञानाचे प्रयोग, शासन निर्णय आणि काही लेख. क्रोममध्ये पेजेस उघडून ठेवतात, काही डाउनलोडही करतात. पण गावी परतल्यावर निम्मे टॅब डायनासोर (क्रोमचं ‘इंटरनेट नाही’ सांगणारं पान) दाखवतात, काही पेजेसमधली चित्रं नसतात, एखादं पेज तर कोरंच निघतं. आधी पॉकेट हे लेख नंतर वाचायला साठवणारं ॲप वापरायचे, ते बंद पडलं. सोबतच्या शिक्षिकेकडे आयफोन आहे, तिलाही उपयोग व्हावा असं उत्तर हवं आहे.

सुरुवात टॅबपासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. टॅब उघडा ठेवला म्हणजे पेज साठवलं असं होत नाही. उघडं पेज फोनच्या रॅममध्ये असतं. तुम्ही कॅमेरा उघडता, व्हॉट्सॲप बघता, फोन येतो. अँड्रॉइडला रॅम कमी पडली की ते मागे पडलेल्या टॅबची जागा काढून घेतं आणि फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. पुन्हा त्या टॅबवर गेलात की क्रोम तोच पत्ता नव्याने उघडायला जातं, नेट नसतं, म्हणून डायनासोर. ३ जीबी रॅमच्या फोनवर पाच-सहा जड टॅब टिकले तरी नशीब. फोन बंद करून चालू केला तर एकही टिकत नाही. तेव्हा बाजारातून निघण्याआधी हवं ते प्रत्येक पेज फाइल म्हणून फोनमध्ये उतरलेलं पाहिजे.

क्रोममध्ये ते असं होतं. पेज पूर्ण उघडू द्या. उजवीकडे वरची तीन टिंबं दाबा. जो मेनू उघडतो त्याच्या अगदी वरच्या ओळीत छोटी चिन्हं असतात: पुढे जाण्याचा बाण, तारा आणि खाली तोंड असलेला बाण. तो खालचा बाण म्हणजे डाउनलोड. साठवलेली पेजेस पुन्हा तीन टिंबं, मग ‘डाउनलोड’ या यादीत सापडतात. यादी मोठी झाली की वरच्या गाळणीतून फक्त ‘पेजेस’ निवडता येतात. बाण फिकट दिसत असेल आणि दाबला जात नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही इनकॉग्निटो (इतिहास न ठेवणाऱ्या खासगी) टॅबमध्ये असता. तिथे पेज साठवता येत नाही. पत्ता कॉपी करून साध्या टॅबमध्ये उघडा.

आता चित्रं गायब का होतात ते. हा दोष डाउनलोडचा नाही, तो आपल्या घाईचा आहे. आजकाल बहुतेक संकेतस्थळं चित्रं आळसावून आणतात: वाचक खाली सरकत जाईल तसतशी. डेटा वाचावा म्हणून ही सोय २०१९ पासून क्रोममध्येच अंगभूत आहे. तुम्ही वरचा परिच्छेद बघून डाउनलोड दाबलं तर खालची चित्रं तोपर्यंत फोनवर आलेलीच नसतात. क्रोम त्या क्षणी पेज जसं आहे तसा त्याचा ठसा घेतं. जे आलेलं नाही ते ठशात उमटत नाही.

म्हणून बाण दाबण्याआधी पेजच्या तळापर्यंत जा, पण झपकन नाही. बोटाने एक-एक पडदाभर सरकवा, प्रत्येक ठिकाणी चित्र उमटेपर्यंत थांबा. नेट बरं असेल तर याला अर्धं मिनिटही लागत नाही. मग वर जाताना ‘आणखी वाचा’, ‘सविस्तर’ अशी बटणं आणि दुमडलेले प्रश्न सगळे उघडून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. साठवलेल्या पेजमध्ये जावास्क्रिप्ट (पेजवरची बटणं हलवणारा कोड) चालत नाही, म्हणजे ही बटणं नंतर मेलेली असतात. आतला मजकूर कदाचित फाइलमध्ये असेलही, पण तुम्हाला तो उघडता येणार नाही. प्रयोगांची माहिती देणाऱ्या साइटवर ‘साहित्य’, ‘कृती’, ‘काळजी’ असे तीन दुमडलेले भाग असतात. ते उघडून न साठवल्यामुळे फक्त तीन मथळे हाती लागले, असं नेहमी घडतं.

याच कारणाने पेजवर आलेल्या पाट्याही आधी बंद करायच्या. ‘आमचं ॲप घ्या’, ‘नोटिफिकेशन हव्यात का’, ‘कुकीज स्वीकारा’ या पाट्या तशाच ठेवून पेज साठवलंत तर त्या फाइलमध्ये कायमच्या गोठतात. फुली दिसते, दाबली तरी हलत नाही, आणि अर्धा पडदा झाकलेला लेख वाचायचा कसा? साठवण्यापूर्वी एकदा फुली दाबा, काम संपलं.

कोरी पेजेस कुठून येतात? बहुतेक दोन वाटांनी. पहिली म्हणजे पेज अजून भरत असताना बाण दाबणं. वरची निळी रेघ संपली म्हणजे पेज आलं असं आपण धरतो, पण बऱ्याच साइट्स आधी मोकळा सांगाडा पाठवतात आणि मजकूर दोन-चार सेकंदांनी आतून मागवतात. शेवटच्या ओळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाबू नका. दुसरी वाट म्हणजे दुव्यावर बोट दाबून धरून ‘लिंक डाउनलोड करा’ म्हणणं. ही सोय मला आवडते, कारण एका यादीतल्या वीस नोंदी पेज न उघडता पटापट मागवता येतात. पण यात क्रोम पेज पडद्यामागे उघडतं. कोणी खाली सरकवत नाही, कोणी बटणं उघडत नाही. साध्या, मजकुराच्या पेजेसना ती छान चालते. चित्रांच्या किंवा लॉगिन लागणाऱ्या पेजेसना चालत नाही. लॉगिनची मुदत संपलेली असेल तर लेखाऐवजी ‘प्रवेश करा’ एवढंच साठतं. विश्वकोशासारख्या मजकूरप्रधान नोंदींना ती वापरा, प्रयोगांना नको.

एक सोय लोकांच्या लक्षात येत नाही. नेट नसताना एखादा दुवा उघडलात आणि डायनासोर आला, तर त्याच पानावर ‘पेज नंतर डाउनलोड करा’ असं बटण असतं. ते दाबलं की पुढच्या वेळी फोनला नेट मिळाल्यावर क्रोम ते पेज स्वतः उतरवतं. म्हणजे गावात बसून आठवड्याभरात ज्या-ज्या गोष्टी आठवतील त्यांची मागणी नोंदवून ठेवता येते. मात्र बऱ्याच स्वस्त फोनवर बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागची कामं थांबवली जातात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, क्रोम, बॅटरी या वाटेने जाऊन निर्बंध काढा, आणि बाजारात पोचल्यावर एकदा क्रोम समोर उघडून डाउनलोडची यादी बघा.

दुवे फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर आले असतील तर आणखी एक अडथळा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दुवा आपल्याच पोटातल्या खिडकीत उघडतात. दिसते ब्राउझरसारखी, पण डाउनलोडचा बाण तिथे नसतो. त्या खिडकीच्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असं असतं. आधी ते करा, मग साठवा.

आता तपासणी. हा भाग टाळू नका, कारण चूक सापडली तर ती नेट असतानाच सुधारता येते. विमान मोड चालू करा. क्रोम अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून वर सरकवून पूर्ण बंद करा, नाहीतर रॅममधलं जिवंत पेज दिसेल आणि साठवलेलं चांगलं आहे असा भास होईल. मग क्रोम उघडून डाउनलोडच्या यादीतून पेज उघडा. पत्त्याच्या पट्टीत ‘ऑफलाइन’ असं दिसायला हवं. मधलं एखादं चित्र आणि शेवटची ओळ बघा. प्रत्येक पेजला दहा सेकंद पुरतात. गावी वाचताना एक सवय सोडा: पेज खाली ओढून ताजं करण्याची. साठवलेलं पेज ओढलंत की क्रोम खऱ्या पत्त्यावर जायला बघतं आणि वाचत असलेलं पेज डोळ्यांसमोरून जातं. ते फाइलमध्ये असतंच, यादीतून पुन्हा उघडावं लागतं इतकंच.

साठवलेल्या पेजमधले दुवे आपोआप साठत नाहीत, हेही सांगायला हवं. विश्वकोशाच्या ‘ज्वालामुखी’सारख्या नोंदीत इतर नोंदींचे दुवे असतात, प्रत्येक दुवा हे वेगळं पेज आहे आणि वेगळं साठवावं लागतं. एका विषयाच्या नोंदी एकत्र हव्या असतील तर आधी मुख्य नोंद साठवा, मग तिच्यातले हवे ते दुवे बोट दाबून धरून एकेक उतरवा.

क्रोम जी फाइल बनवतं तिचा प्रकार एमएचटीएमएल. १९९९ सालचं हे मानक मुळात ईमेलसाठी होतं: मजकूर, चित्रं, मांडणी सगळं एकाच टपालात बांधायचं. म्हणूनच फाइल चुकून मजकूर-संपादकात उघडली तर वर ईमेलसारखा मथळा दिसतो: ‘फ्रॉम’च्या पुढे ‘सेव्ह्ड बाय ब्लिंक’ (ब्लिंक हे क्रोमच्या इंजिनाचं नाव), खाली मूळ पत्ता, शीर्षक आणि साठवल्याची तारीख. असं काही समोर आलं तर फाइल बिघडली समजून पुसू नका. ती चुकीच्या ॲपमध्ये उघडली आहे, एवढंच. आणि तो मथळा कामाचा असतो: वर्षभराने ‘हे कुठून घेतलं होतं’ असा प्रश्न पडला तर उत्तर तिथे लिहिलेलं असतं.

या फाइल्स सहसा फोनच्या ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये असतात. तिथून मेमरी कार्डावर हलवू नका, प्रत काढा. मूळ फाइल हलवली की क्रोमच्या यादीतला तिचा दुवा तुटतो, आणि फाइल मॅनेजरमधून उघडताना प्रत्येक फोन सारखा वागत नाही. क्रोमचा कॅशे (तात्पुरता साठा) पुसला तर साठवलेली पेजेस जात नाहीत. पण सेटिंग्जमधून क्रोमचा ‘सर्व डेटा साफ करा’ केला तर यादी रिकामी होते. फोनमध्ये जागा कमी पडली की दुकानदार पहिलं बटण तेच दाबतो, म्हणून सांगून ठेवलेलं बरं. ही पेजेस गुगल खात्यात जात नाहीत. फोन हरवला की तीही हरवली.

इथे मुख्य निर्णय येतो: हे पेज आठवड्याला हवं की वर्षानुवर्षं? आठवड्यापुरतं असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. पण दरवर्षी वर्गात लागणारा प्रयोग किंवा संदर्भासाठी ठेवायची नोंद एमएचटीएमएलमध्ये ठेवू नका. फायरफॉक्स ती उघडत नाही, आयफोनही थेट उघडत नाही, आणि दुसऱ्याला पाठवली तर निम्म्या लोकांकडून ‘उघडत नाही’ असंच उत्तर येतं.

बरेच जण अशा वेळी पीडीएफ करतात. वाटायला आणि छापायला पीडीएफ उत्तमच. क्रोममध्ये तीन टिंबं, शेअर, प्रिंट, मग वरच्या यादीत ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’. फक्त कागदाचा आकार ए४ ठेवू नका. ए४चं पान फोनच्या अरुंद पडद्यावर मावलं की अक्षर मुंगीएवढं होतं आणि प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ओढत वाचावी लागते. त्याच खिडकीत ए५ किंवा ए६ निवडा. पानं वाढतात, पण अक्षर वाचण्याजोगं राहतं. साइटची वरची पट्टी जागेवर चिकटलेली असेल तर ती पीडीएफच्या प्रत्येक पानावर उमटते आणि दोन ओळी झाकते. ब्राउझरमध्ये वाचन मोड (फक्त लेखाचा मजकूर दाखवणारी सोय) असेल तर आधी तो चालू करून मग प्रिंट करा, पट्टी जाते.

मराठीसाठी पीडीएफची खरी अडचण वेगळी आहे. दिसायला पान अगदी बरोबर असतं, पण आतला मजकूर शोधता येत नाही. एक पीडीएफ उघडून ‘विद्यार्थी’ हा शब्द कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. बऱ्याचदा वेलांटी ‘व’च्या आधी येऊन बसते, ‘द्य’च्या जागी चौकोन किंवा निम्मंच अक्षर येतं, रफार भलत्याच अक्षरावर जातो. कारण असं: देवनागरीत आपण ‘व’ आधी टंकतो आणि वेलांटी नंतर, पण रेखाटताना वेलांटी ‘व’च्या डावीकडे काढावी लागते, जोडाक्षराचं तर स्वतंत्रच चित्र असतं. पीडीएफ मुख्यतः हे रेखाटन जपून ठेवतं, कुठल्या जागी कुठला आकार काढायचा ते. त्या आकारांवरून मूळ अक्षरांकडे परत जाण्याचा नकाशा अपुरा असला की शोध फसतो. इंग्रजीत हा त्रास सहसा जाणवत नाही. शंभर पीडीएफ साठवून पुढे ‘प्रकाशसंश्लेषण’ शोधायला गेलात आणि एकही सापडली नाही, तर दोष तुमच्या शोधण्यात नाही. वाक्यं उचलून स्वाध्याय बनवायचे असतील तर त्रास आणखी वाढतो.

म्हणून कायम ठेवायच्या मराठी मजकुराला माझं मत स्पष्टपणे साध्या एचटीएमएल (वेबपेजच्या मूळ प्रकारच्या) फाइलच्या बाजूने आहे. त्यात मजकूर युनिकोडमध्येच (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या मानकातच) राहतो, शोधता येतो, कॉपी होतो, आणि अक्षर मोठं केलं की ओळी पडद्यात बसतात. अँड्रॉइडवर याचा चांगला मार्ग म्हणजे फायरफॉक्स आणि त्यातलं ‘सिंगलफाइल’ हे मोफत एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी). फायरफॉक्सच्या मेनूत एक्स्टेंशन्समध्ये जाऊन ते बसवा. पेज उघडा, मेनूतून एक्स्टेंशन्स, सिंगलफाइल दाबा. थोड्या वेळात डाउनलोडमध्ये एकच फाइल येते, चित्रं तिच्या पोटात. ही फाइल फोनवर, संगणकावर, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. आळसावलेली चित्रं हे एक्स्टेंशन स्वतः मागवायचा प्रयत्न करतं, तरी आधी एकदा खाली सरकवण्याची सवय ठेवा. चित्रं अक्षरांत बदलून साठवली जातात, त्यामुळे ती मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जड होतात. फाइल उघडायला फोनमधल्या फाइल्स ॲपमधून क्रोम निवडला की झालं.

जुन्या मराठी साइट्सबद्दल एक इशारा. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळं स्वतःचे फॉन्ट वापरत. आत इंग्रजी अक्षरं असत आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसत. असं एखादं पेज अजून कुठे सापडलं आणि साठवताना फॉन्ट सोबत आला नाही, तर रोमन अक्षरांचा चुरा उरतो. अशा पेजसाठी मात्र पीडीएफ किंवा स्क्रीनशॉटच घ्या, कारण तिथे दिसतं तेवढंच खरं.

पॉकेटच्या जागी काय, याचं उत्तर देताना आधी पॉकेटचं काय झालं ते लक्षात ठेवायला हवं. २००७ साली ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये पॉकेट झाली, २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ती घेतली आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. आपली यादी बाहेर काढायला मुदत दिली होती, पण बाहेर आले ते मुख्यतः दुवे. लेखांचा मजकूर नाही. ज्यांचे मूळ लेख तोवर नेटवरून गेले होते त्यांच्या हाती फक्त शीर्षकं राहिली. ऑम्निव्होर ही मोफत सेवाही त्याआधी २०२४च्या नोव्हेंबरात बंद झाली होती. अशी ॲप्स वाचायला फार सुखाची आहेत: जाहिराती गाळतात, अक्षर मोठं करतात, कुठवर वाचलं ते लक्षात ठेवतात. ती आठवड्याच्या वाचनाला जरूर वापरा, कपाट म्हणून वापरू नका.

आज इन्स्टापेपर हा त्यातला जुना आणि टिकलेला पर्याय आहे, २००८ पासून चालू. पेज उघडून शेअरमधून इन्स्टापेपर निवडायचं. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक: शेअर केलं म्हणजे लेख फोनवर आला असं समजणं. शेअर केल्यावर फक्त दुवा सेवेच्या सर्व्हरकडे जातो. लेख फोनवर उतरतो तो ॲपने सर्व्हरशी ताळमेळ (सिंक) केल्यावर. म्हणून सगळे दुवे पाठवून झाल्यावर, नेट असतानाच, ॲप उघडा, यादी खाली ओढा आणि फिरणारं चक्र थांबेपर्यंत थांबा. शिवाय लेख गाळण्याचं काम सर्व्हर करतो आणि मराठी साइट्सच्या मांडणीत तो कधी पहिल्या परिच्छेदावरच थांबतो. शेवटची ओळ बघण्याचा नियम इथेही पाळा. वर्गणी भरून वाचायचे लेखही बऱ्याचदा अर्धेच येतात, कारण सर्व्हरकडे तुमचं लॉगिन नसतं. तांत्रिक हात असलेला मित्र असेल तर वॉलाबॅग हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं; मग सेवा चालू ठेवणं आपल्या हातात राहतं.

आयफोनवर सफारी या ब्राउझरची ‘रीडिंग लिस्ट’ आहे. पेज उघडून शेअरचं चिन्ह, ‘रीडिंग लिस्टमध्ये जोडा’. पण सेटिंग्जमध्ये सफारीखाली ‘ऑफलाइन वाचनासाठी आपोआप साठवा’ हे बटण चालू नसेल तर फक्त दुवा राहतो, पेज नाही. आयओएस १८ पासून सफारीची सेटिंग्ज ‘ॲप्स’ या भागात गेली आहेत. बटण बंद ठेवायचं असेल तर यादीतल्या एकेका नोंदीवर बोट दाबून धरून ‘ऑफलाइन साठवा’ करता येतं. कायम ठेवायच्या पेजसाठी शेअर दाबल्यावर वर शीर्षकाजवळ ‘पर्याय’ दिसतं. तिथे पीडीएफ किंवा वेब आर्काइव्ह निवडून ‘फाइल्स’मध्ये साठवा. वेब आर्काइव्ह ॲपलच्या उपकरणांपलीकडे नीट उघडत नाही, म्हणून शिक्षिकेला तुमच्या अँड्रॉइडवर पाठवायचं असेल तर पीडीएफच. लांब पेजचा स्क्रीनशॉट घेतल्यावर कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर दाबून ‘पूर्ण पान’ निवडलं तरी एक लांबलचक पीडीएफ मिळते. ती वाचायला ठीक, छापायला वाईट.

काही गोष्टींसाठी पेज साठवण्याची गरजच नसते. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या ई-साइटवर पीडीएफ म्हणूनच मिळतात, तीच घ्या. शासन निर्णयही पीडीएफच असतात. अडचण नावांची: उतरलेल्या फाइलचं नाव म्हणजे लांबच लांब आकडा. तोच आकडा निर्णयाच्या शेवटी ‘संकेतांक’ म्हणून छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो पुसू नका. त्याच्यानंतर दोन शब्द जोडा, उदाहरणार्थ ‘शालेय पोषण’ किंवा ‘बदली’. आकड्यामुळे फाइल्स तारखेच्या क्रमाने लागतात, शब्दांमुळे सापडतात. पीडीएफ उघडून नुसती बघितली तर ती साठली असं होत नाही. फाइल्स ॲपमध्ये दिसते का ते बघा.

विकिपीडियाचे पाच-दहा लेख हवे असतील तर तिच्या ॲपमध्ये लेखावरचं खुणेचं चिन्ह दाबलं की तो लेख फोनवर राहतो. पण शाळेसाठी विचार करत असाल तर किविक्स बघाच. हे मोफत ॲप अख्खा विकिपीडिया एका झिम प्रकारच्या फाइलमध्ये उतरवतं. मराठी विकिपीडियाही त्यात आहे, आणि नेट नसताना आत शोधता येतं, दुवेही चालतात. एकेक पेज साठवण्याच्या कष्टातून ही मोठी सुटका आहे. चित्रांसह आणि चित्रांशिवाय अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. जागा बघून निवडा. मोठी फाइल मेमरी कार्डावर ठेवायची असेल तर कार्डाचा फॉरमॅट बघा. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही आणि ती उतरवताना शेवटी अडकते. बाजारातल्या मोबाईल नेटवर हे करण्यापेक्षा सुट्टीत वायफायवर करा.

जागेचा हिशोब असा धरा. चित्रांचं साधं पेज १ ते ५ एमबी घेतं. आठवड्याला ४० पेजेस म्हणजे साधारण १२० एमबी, महिन्याला अर्धा जीबी. १५०० शब्दांचा निव्वळ मराठी मजकूर मात्र जेमतेम ३० केबी असतो. बाकी सगळं वजन चित्रांचं आणि मांडणीचं. म्हणजे चित्रं नको असलेला लेख वाचन मोडमध्ये उघडून मजकूर कॉपी करून नोट्समध्ये ठेवला तर अशा हजारो लेखांनाही १०० एमबी पुरतात. फक्त वर पत्ता आणि तारीख लिहायला विसरू नका.

वर्गातल्या वापराबद्दल: भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापरासाठी सवलत आहे. साठवलेलं पेज वर्गात दाखवणं त्यात बसतं. वर्गणीच्या वर्तमानपत्राची पानं ग्रुपवर फिरवणं बसत नाही.

एखादं पेज नेटवरूनच नाहीसं होईल अशी धास्ती असेल, आणि सरकारी साइट्सचे पत्ते बदलतात तेव्हा ती खरीच ठरते, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘आत्ता साठवा’च्या चौकोनात त्याचा पत्ता टाका. तिथे साठलेली प्रत सार्वजनिक असते, म्हणून वैयक्तिक पेजेस टाकू नका. फोनवरची प्रत खराब निघाली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच पत्त्यावरून नवी काढता येते.

बाजारातल्या दोन तासांची वाटणी मी अशी सुचवेन. पोचल्याबरोबर क्रोम उघडा, म्हणजे ‘नंतर डाउनलोड’मध्ये नोंदवलेली पेजेस उतरायला लागतील. तोवर पीडीएफ घ्या, त्या मोठ्या असतात आणि आपोआप येत राहतात. मग चित्रांची पेजेस एकेक उघडून, सरकवून, साठवून घ्या. मजकुराच्या नोंदी शेवटी, बोट दाबून धरून. निघण्याआधीची पंधरा मिनिटं विमान मोडसाठी राखून ठेवा. तपासणीत जे पेज फसलेलं निघेल ते तिथल्या तिथे पुन्हा साठवा, आणि फसलेली जुनी फाइल लगेच पुसा. दोन्ही राहिल्या तर कंसात १ लिहिलेल्या सारख्याच नावाच्या दोन फाइल्स यादीत दिसतात, आणि गावी गेल्यावर पहिल्यांदा नेमकी कोरी उघडते.